यमुनाअक्कांचा ‘बठ्ठा’

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कारखान्याची स्मरणिका टपालाने आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हारात बुडालेले शेठ, आणि अकराव्या पानावर ‘आमचा पहिला संगणक विभाग’. फोटोत मधोमध इनामदारसाहेब उभे आहेत, हाताची घडी घालून. त्यांच्या डाव्या बाजूला फोटो कापलाय. कापणाऱ्याने काम नीट केलेलं नाही. कडेला एक कोपर राहिलंय, साडीचा काठ राहिलाय आणि टेबलावर एक लाकडी फूटपट्टी राहिलीय. खाली लिहिलंय की इनामदारसाहेबांनी त्या काळात जळगावसारख्या ठिकाणी प्रोग्रॅम बनवण्याची ‘बिनचूक पद्धत’ बसवली.

ते कोपर यमुना बोरसे यांचं आहे. फूटपट्टीही त्यांचीच. आणि पद्धतही.

स्मरणिका सध्या माझ्या वर्कशॉपमध्ये सोल्डरिंगच्या टेबलावर अंथरली आहे. कागद जाड आहे, चटका सोसतो.

नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. जळगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना पाणबुडी मोटरचे ऑटोमॅटिक स्टार्टर बनवायचा. बोअरमध्ये मोटर असते, वर लोखंडी खोका, खोक्यात एक कार्ड आणि कार्डावर चिप. तीनपैकी एक फेज गेली की चिपने पाच सेकंदांत मोटर बंद करायची. नाही केली तर मोटर तापते आणि जळते. चिपमधला प्रोग्रॅम कारखान्यातल्या एकुलत्या एका संगणकावर तयार व्हायचा. मी पाचोऱ्याहून नवी नवी आलेले, टेस्टिंगला होते. हातात स्टॉपवॉच, समोर तीन बल्ब. एक फेज काढायची, किती सेकंदांत बल्ब विझतात ते मोजायचं, कार्डावर आकडा आणि ‘ओके’ लिहायचं. एवढंच माझं काम. पुढे त्याचा संबंध येतो म्हणून सांगितलं.

अक्का मूळच्या पिंपळनेरच्या. धुळ्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झालेल्या. कारखान्यात आल्या त्या टायपिस्ट म्हणून. शनिवारी दुपारच्या एसटीने धुळ्याला जायच्या, सोमवारी सकाळच्या एसटीने यायच्या. धुळ्याला कोण आहे, जळगावात खोली करून एकट्या का राहतात, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. वय चाळिशीच्या आसपास. चष्म्याची दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. चहाचा कप स्वतःचा, काम झालं की धुऊन खणात उपडा. दुसऱ्याच्या रजेच्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेन्सिलने दुरुस्त करून परत द्यायच्या, मग रजा मागणाऱ्याच्या घरी मयत का झालेली असेना. लोकांना त्या फार आवडायच्या असं मी म्हणणार नाही. मलाही पहिले सहा महिने आवडल्या नाहीत.

त्यांच्या बोलण्याची एक खूण होती. मन मोकळं असलं की अहिराणी. राग आला की शुद्ध मराठी, तीही सरकारी पत्रातली. आवाज चढायचा नाही, फक्त भाषा चढायची. शिपायाने एकदा त्यांच्या कपात पान खाऊन चूळ भरली. अक्का त्याला म्हणाल्या, “आपण हा कप यापुढे आपल्याकडेच ठेवावा.” तो दोन दिवस त्यांच्या खोलीत पाणी ठेवायलाही गेला नाही. ‘आपण’ आला की समजायचं, दार बंद झालं.

संगणक घेतला तेव्हा शेठनी अक्कांना सांगितलं, “तुला टाईप येतं ना? मग इनामदारसाहेब कागदावर लिहून देतील ते यात मारायचं.” इनामदार पुण्याहून आलेले, डिग्रीवाले. शेठच्या साडूचे कोणीतरी. अक्कांना ते ‘ऑपरेटर’ म्हणायचे. नावाने कधीच नाही. “ऑपरेटर, हे टाका.” “ऑपरेटर, चहा सांगा.” चहा सांगा म्हटलं की अक्का फक्त त्यांच्याकडे बघायच्या आणि पुढची ओळ टाईप करायच्या. महिनाभराने ते चहा स्वतः सांगू लागले.

त्या संगणकाची घड्याळाची बॅटरी मेलेली होती. नवी आणा म्हणून अक्कांनी तीन वेळा लेखी दिलं, कोणी आणली नाही. त्यामुळे वीज जाऊन आली की मशिन चालू होताना विचारायचं, आज तारीख काय. बाकी सगळे एंटर दाबून पुढे जायचे. अक्का भिंतीवरचं कॅलेंडर बघायच्या, हातातलं घड्याळ बघायच्या आणि तारीख-वेळ भरायच्या. दिवसातून पाच वेळा वीज गेली तर पाच वेळा. मला वाटायचं, ही बाई टायपिस्टच, तारखेशिवाय हिचा कागद सुरू होत नाही.

मग एके दिवशी इनामदारसाहेब सकाळपासून एकच दुरुस्ती करत होते. दुरुस्ती करायची, मशिनला सांगायचं नवा प्रोग्रॅम बनव, मशिन म्हणायचं सगळं तयारच आहे, काही करायची गरज नाही. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्यांनी कंपनीला, जळगावला आणि मशिन विकणाऱ्याला शिव्या घालून घेतल्या. अक्का शेजारी टाईपरायटरवर कोटेशन मारत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, “साहेब, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे का?”

मशिनच्या लेखी तीच तारीख होती. बॅटरी नसली की ते तिथूनच सुरू व्हायचं. साहेबांनी सकाळी एंटर दाबलं होतं. म्हणजे त्यांची आजची दुरुस्ती मशिनला बारा वर्षं जुनी वाटत होती, आणि गेल्या आठवड्यात बनलेला प्रोग्रॅम तिच्यापेक्षा नवा. मग ते कशाला हात लावेल?

अक्का मला नंतर म्हणाल्या, “दख पोरी, हाऊ संगणक हुशार नई. नुसता तारखा दखस.” नुसत्या तारखा बघतो. त्या दिवसापासून मी त्यांच्याजवळ डबा खायला लागले.

काम काय होतं तेही थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत, दहा-बारा तुकड्यांत लिहिलेला असायचा. प्रत्येक तुकडा चिपला कळेल अशा आकड्यांत बदलायचा, म्हणजे कंपाइल करायचा. मग सगळे तुकडे जोडायचे आणि चिपमध्ये भरायचे. गंमत अशी की बनवणारं मशिन वेगळं आणि चालवणारं वेगळं. संगणकावर बनलेला तो प्रोग्रॅम संगणकावर चालायचाच नाही, खोक्यातल्या कार्डावरच चालायचा. अक्कांना हे कोणी समजावलं नाही, त्यांनी स्वतःच्या शब्दांत समजून घेतलं होतं. “पोरगी वाढाडी आठे, नांदाडी दुसरा घर,” म्हणायच्या. मुलगी वाढवायची इथे, नांदणार दुसऱ्या घरी. सगळी जुळणी सासरच्या हिशेबाने करायची, माहेरी काय चालतं ते विचारायचं नाही.

आणि सासरं दोन होती. जुनं कार्ड आणि नवं कार्ड. नव्या कार्डाचा स्फटिक निम्म्या वेगाचा. स्फटिक म्हणजे कार्डाची नाडी म्हणा. जुन्या कार्डासाठी मोजलेली पाच सेकंदं नव्या कार्डावर दहा सेकंदं होतात. म्हणून प्रोग्रॅम बनवताना आधी सांगावं लागायचं की हा कोणत्या कार्डासाठी. कोणीही कागद घेऊन आलं की अक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला. फूटपट्टी टेबलावर आडवी ठेवायच्या आणि विचारायच्या, “कोना घर देवानी शे?” कोणाच्या घरी द्यायची? सांगितल्याशिवाय फूटपट्टी उचलली जायची नाही.

हे सगळं एकेका तुकड्याला वेगळी आज्ञा देऊन हाताने करायला अर्धा दिवस जायचा. म्हणून इनामदारसाहेबांनी पुस्तक वाचून एक हुकूमनामा लिहायला घेतला. मेक फाइल म्हणतात तिला. कोणता तुकडा कशापासून बनतो आणि तो बनवायला कोणती आज्ञा द्यायची, हे ओळीने लिहून ठेवायचं. मग एकच शब्द टाईप केला की मशिन सगळं क्रमाने करतं. साहेबांनी लिहिली आणि दोन दिवस ती चालेना. मशिन म्हणायचं, सातव्या ओळीत चूक. ते पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून बघायचे, पुस्तकाप्रमाणेच होतं. तिसऱ्या दिवशी ते मुंबईला प्रदर्शनाला निघून गेले. अक्कांनी पुस्तकाचं ते पान समोर धरलं, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“साहेबनी स्पेस दिन्ही,” म्हणाल्या. “आठे टॅब पाहिजे.”

आज्ञेची ओळ जरा आत सरकवून सुरू करायची असते. साहेबांनी आठ वेळा जागा सोडणारी पट्टी दाबली होती. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. मशिनला मात्र टॅबच लागतो. टायपिंगच्या पहिल्या महिन्यात मुलींना जे शिकवतात, परिच्छेद टॅबने सुरू करा, बोटांनी जागा मोजत बसू नका, ते डिग्रीवाल्याला माहीत नव्हतं. अक्कांनी चौदा ओळींवर चौदा टॅब मारले. फाइल चालली.

पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. साहेब प्रदर्शनाहून सासुरवाडीला गेले, तीन आठवडे आले नाहीत. तेवढ्यात अक्कांनी ती फाइल सगळी नव्याने लिहिली. पुस्तकात सगळं बनवायच्या हुकमाला इंग्रजीत ‘ऑल’ म्हणायचं असं होतं. अक्कांनी त्याला नाव दिलं ‘बठ्ठा’. आमच्याकडे बठ्ठा म्हणजे सगळा. रोमन अक्षरांत टाईप करायच्या. घराचं नाव दिलं नाही तर मशिन थांबायचं आणि पडद्यावर यायचं, KONA GHAR. दिलं तर पहिली ओळ जुने बनवलेले सगळे तुकडे पुसून टाकायची, आणि मग पहिल्यापासून सगळं नवं. पंचवीस मिनिटं लागायची.

मी विचारलं, सगळं का पुसायचं? जो तुकडा बदलला तेवढाच बनवला तर?

“मशिन तारीख दखस, घर दखस नई,” त्या म्हणाल्या. “काल जुना घरना तुकडा बनाडा. आज नवा घरनं काम शे. तुकडानी तारीख ताजी शे, मशिन म्हणस तयार शे, ऱ्हाऊ दे. आन् जुना घरना तुकडा नवा घर जास. बठ्ठं पुस, मंग नवं कर. पंचवीस मिनिटमा काय मरस का कोणी?”

याच्यापेक्षा स्वच्छ शब्दांत ही गोष्ट मी नंतरच्या आयुष्यात कोणा इंजिनीअरकडून ऐकली नाही. आणि प्रत्येक खेपेला एका दोनशेपानी वहीत नोंद: तारीख, वेळ, कोणतं घर, कोणी सांगितलं, बठ्ठा केलं की नाही. फूटपट्टीने आखलेले रकाने.

सात-आठ महिने कारखान्यातून एक चुकीची चिप बाहेर गेली नाही. याला बिनचूक पद्धत म्हणतात. आता स्मरणिका पुन्हा वाचा.

इनामदारसाहेब परत आल्यावर फाइल बघून मोठ्याने हसले होते. “बठ्ठा? ही काय शिवी आहे का?” शेठना बोलावून दाखवलं. शेठ खानदेशातलेच, त्यांच्या घरात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द निघत असेल. पण पुण्याचा माणूस हसतोय म्हटल्यावर तेही हसले. अक्का टाईप करत होत्या. पुढे बरेच दिवस साहेब काही न बोलता तीच फाइल वापरत राहिले. मग उन्हाळा आला, मागणी वाढली, नव्या कार्डाची पहिली मोठी ऑर्डर आली, ती रावेर-यावलकडची, आणि साहेबांना पंचवीस मिनिटं खुपायला लागली. त्यांनी ‘बठ्ठा’ खोडून ‘ऑल’ केलं, घर विचारणारी ओळ काढली आणि पुसायची ओळही काढली. काम चार मिनिटांवर आलं.

अक्का उभ्या राहिल्या. “साहेब, नाव आपण बदलावे. पहिली ओळ काढू नये.”

मी टेस्टिंगच्या खोलीतून ऐकलं आणि माझे हात थांबले. ‘आपण’ आला होता. साहेबांना ती खूण कुठली कळायला.

“ऑपरेटर,” ते म्हणाले, “तुमचं काम टाईप करणं.”

त्या बसल्या. वही उघडली आणि लिहिलं: बठ्ठा नाही. इनामदारसाहेबांच्या सांगण्यावरून. रकाना मी नंतर पाहिला. अक्षर नेहमीसारखंच, जरासुद्धा हललेलं नव्हतं.

त्या लॉटची कार्डं माझ्याकडे आली. फेज काढली, स्टॉपवॉच दाबलं. पाचला बल्ब विझायला हवे होते. दहाला विझले. दुसरं कार्ड, दहा. पाच-सहा कार्डं बघून मी साहेबांकडे गेले. “साहेब, दहा येताहेत.” ते फोनवर होते. हाताने रिसीव्हर झाकला आणि म्हणाले, “नवं कार्ड तसंच आहे. ओके लिहा.” मी ओके लिहिलं. सगळ्या कार्डांवर. अक्का बारा फुटांवर बसल्या होत्या, त्यांना विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. विचारलं नाही. साहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर जबाबदारी साहेबांची, असं वाटून मी मोकळी झाले. या वाक्याची मला आजही चीड येते, म्हणून ते इथे ठेवते.

महिन्याभरात गेटवर टेम्पो आला. फैजपूरकडचे एक म्हातारे शेतकरी, गावात आबा म्हणत असतील असे, जळलेली मोटर आणि आमचा खोका घेऊन. वॉचमन आत सोडेना. आबा ओरडत नव्हते, गेटाच्या सळईला धरून एकच सांगत होते, “मोटर जयाली भो. केयीले सहा दिस झाले पानी नही. तुमच्या डब्यानं बंद काहून नही केली, तेव्हढं सांगा.” त्यांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो, केळीची केयी. साहेब खिडकीतून बघून म्हणाले, “काय बोलतोय हा?” म्हणजे तेही कळून घ्यायचं नव्हतं.

अक्का गेटवर गेल्या. आबांना आत घेतलं, स्वतःच्या कपात चहा दिला. त्या कपात दुसऱ्या कोणी चहा प्यायलेला मी पाहिला नव्हता. खोक्याचा नंबर घेतला, वही उघडली, मग माझ्याकडे आल्या.

“तुना घड्याळवर कितला उना व्हता?”

“दहा.”

“पाच पाहिजे.”

“साहेब म्हणाले ओके लिही.”

अक्कांनी वही मिटली. “हं. मंग तू लिखं.” एवढंच. अजून अहिराणीच होती. अजून मला ‘तू’च म्हणत होत्या.

वेळ मोजणारा तुकडा जुन्या घरचा होता आणि बाकी सगळे नव्या घरचे. बाकीच्यांत साहेबांनी नव्या ऑर्डरसाठी काही ना काही बदल केले होते, म्हणून ते नव्याने बनले. हा मात्र जुन्या कार्डाच्या कामातून तसाच मागे राहिला होता. त्याची तारीख ताजी, म्हणून मशिनने हात लावला नाही. बोअरमध्ये खाली प्रत्येक वेळी मोटर दुप्पट वेळ तापत होती. आमच्याकडे फेज दिवसातून दहा वेळा जाते. किती सोसेल?

अक्कांनी कोणाला विचारलं नाही. जुनी फाइल काढली, तारीख भरली, घर सांगितलं आणि ‘बठ्ठा’ टाईप केलं. आबा तिथेच स्टुलावर बसून पडदा बघत होते. पंचवीस मिनिटांनी चिप भरून आबांच्या खोक्यात बसवली. मी मोजलं. पाच. “आते जा आबा,” अक्का म्हणाल्या, “मोटरनं वाइंडिंग भरी ल्या, खोका आते फसाडाव नई.” आबांनी विचारलं, “तू हाये का इथली साहेब?” अक्का म्हणाल्या, “नई आबा, टायपिस्ट शे.”

पुढच्या आठवड्यात आणखी खोके आले. विक्रेत्यांचे फोन सुरू झाले. शेठनी केबिनमध्ये बोलावलं. शेठ, इनामदार, अक्का आणि मी. अक्कांनी वही टेबलावर ठेवली, त्या तारखेचं पान उघडून. शेठनी रकाना वाचला. दोनदा वाचला, मी बघत होते. मग वही मिटली, खणात टाकली आणि म्हणाले, “ही तुमची खासगी वही झाली. कंपनीचं रेकॉर्ड नाही.” साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मग शेठ माझ्याकडे वळले. “टेस्टिंगला काही वेगळं दिसलं होतं का?”

अक्कांनी मान वळवली नाही. वही गेली होती. आता एक मीच उरले होते.

“नाही,” मी म्हटलं.

कारणं होती. ती लिहिणार नाही. कारणं सगळ्यांकडेच असतात, शेठकडेही असतील.

शेठ म्हणाले, विक्रेत्यांना माफीचं पत्र पाठवायचं, आणि त्यावर बोरसेबाईंची सही घ्यायची. मग इनामदार मजकूर सांगणार आणि पत्र टाईप कोण करणार? अख्ख्या कारखान्यात मराठी टाईप येणारी एकच बाई. शिपायाने टाईपरायटर केबिनमध्ये आणून ठेवला. लाज कोणालाच वाटली नाही. साहेबांना मराठी पत्र धड सांगताही येत नव्हतं. “संगणक ऑपरेटरच्या... माझ्या... अज्ञानामुळे...” असं अडखळत सांगत होते. अक्का टाईप करत होत्या. एके ठिकाणी साहेबांचं वाक्य मोडलं तर त्यांनी व्याकरण नीट करून घेतलं. परिच्छेद टॅबने सुरू झाले, समास चारी बाजूंनी सारखा. कागद काढून शेठपुढे ठेवला. तसं स्वच्छ टाईप केलेलं पत्र मी परत पाहिलं नाही.

खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: इना/यबो.

“हे काय?” शेठ.

“मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरे, तिरकी रेघ, टंकलेखिकेची आद्याक्षरे. कार्यालयीन पत्रात असतात. नसली तर परीक्षेत गुण कापतात.”

“ते खोडा आणि सही करा.”

“सही ज्याचा मजकूर त्याची,” अक्का म्हणाल्या. “मी फक्त टाईप केले आहे. आपण इनामदारसाहेबांची घ्यावी.”

आवाज कोटेशन वाचून दाखवतानाचा. उठल्या, बाहेर गेल्या. खणातला कप घेतला, फूटपट्टी विसरल्या. माझ्या टेबलावरून जाताना थांबल्या नाहीत. दुपारची धुळ्याची एसटी त्यांना मिळाली असेल, शनिवार नव्हता.

पत्र बाहेरून दुसरं टाईप करून गेलं. संबंधित ऑपरेटरला कामावरून कमी केलं आहे, असं त्यात होतं. आणि दोन दिवसांनी इनामदारसाहेबांनी पुसायची ओळ फाइलीत परत घातली. घर विचारायची ओळही. फक्त इंग्रजीत. ‘ऑल’ तसंच ठेवलं. ती फाइल पुढे कित्येक वर्षं चालली, आणि आता स्मरणिकेत आली आहे. मी दीड वर्षाने नोकरी सोडली. धैर्याने नव्हे, लग्न झालं म्हणून.

अक्का मला एकदाच पुन्हा दिसल्या. शतक संपत आलं होतं. मी पॅनल वायरिंगची स्वतःची कामं घेऊ लागले होते, धुळ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेले होते. परत येताना एसटी स्टँडकडे चालले होते तेव्हा एका गल्लीत वरच्या मजल्यावर पाटी दिसली, टायपिंग व संगणक. मी पाटी वाचून जिना चढले नाही. खालून फूटपट्टी टेबलावर आपटल्याचा आवाज ऐकला आणि चढले.

लांब खोली. एका बाजूला टाईपरायटर, दुसऱ्या बाजूला चार जुने संगणक. त्या मुलींच्या मागे उभ्या होत्या. केस पांढरे, चष्म्याला अजून दोरा. मला पाहिलं आणि ओळखलं, लगेच. बसा म्हणाल्या नाहीत. मीही बसले नाही. गावातल्या चार चौकशा करून मग विषय काढायचा, असं मला जमत नाही. उभ्यानेच म्हणाले, “अक्का, चूक तुमची नव्हती. माझ्या घड्याळावर दहा आले होते. मला माहीत होतं.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“आपण हे तिथे सांगायला हवे होते,” म्हणाल्या. “इथे सगळ्यांना ठाऊक आहे.”

आणि वळल्या. कडेच्या मशिनवर एक मुलगी, चौदा-पंधराची, नुकतंच मशिन चालू करून एंटरवर बोट ठेवून बसली होती. अक्कांनी फूटपट्टीने तिचं बोट हळूच बाजूला केलं. आवाज एकदम मऊ झाला होता, तो आवाज मी ओळखत होते.

“आधी तारीख लिख, माय,” त्या म्हणाल्या. “मंग बठ्ठं.”